कोप आणि कोपी : बीडच्या फोटोंविषयी काही तक्रारी

मागपर्यंत आवाज येतोय ना? बरं.

संयोजकांनी विषय दिला तो असा : 'बीड जिल्ह्याचे छायाचित्रण – वास्तू, लोकसंस्कृती आणि उत्सव'. विषय भारदस्त आहे. आम्ही तो जरा खाली उतरवून घेतलाय. आणि 'आम्ही' म्हणजे कोण हे आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल की वक्ता स्वतःला आदरार्थी बहुवचन लावतोय. आम्ही तिघं आहोत. एक शाळामास्तर, एक बँकेतून निवृत्त झालेले, आणि एक असे की ज्यांचा सत्तावीस वर्षं फोटो स्टुडिओ होता. आता त्या गाळ्यात मोबाईलच्या काचा बसवून मिळतात. बोलणारं तोंड एक असलं तरी मतं तिघांची आहेत आणि भांडणंही तिघांची आहेत.

गेली दोन-अडीच वर्षं आम्ही बीड जिल्ह्याचे फोटो गोळा करून बघतोय. कॅलेंडरं, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, संस्थांच्या स्मरणिका, इन्स्टाग्रामवरची रीळं, लग्नाचे अल्बम, स्टुडिओतल्या निगेटिव्हांचे खोके. 'आपला बीड, सुंदर बीड' अशा मथळ्याखाली जे फोटो फिरतात ते तर शेकड्यानं. आज त्याबद्दल बोलायचं आहे. कौतुक कमी होईल, तक्रारी जास्त होतील. त्यातली एक तक्रार आमच्याचबद्दल आहे, ती मधे येईल.

सुरुवात सोप्या गोष्टीपासून करू. बीडचा फोटो म्हटलं की पहिलं काय येतं? कंकालेश्वर. चौकोनी कुंडाच्या मधोमध दगडी देऊळ, आणि खाली पाण्यात त्याचं उलटं प्रतिबिंब. आमच्याकडं या एकाच चौकटीचे साठ-सत्तर फोटो जमले. एकाच जागी उभं राहून, एकाच वेळी, सूर्य कलताना. वाईट फोटो नाहीत. पण साठ फोटो बघून झाल्यावर आमच्या लक्षात आलं की त्यांत माणूस एकही नाही. महाशिवरात्रीला इथं केवढी गर्दी लोटते! फुलं-बेलवाले, नारळवाले, खेळण्याच्या गाड्या, हरवलेली पोरं. तो दिवस टाळून, किंवा पहाटे माणसं यायच्या आत फोटो काढलेले. खंडोबाच्या टेकडीचंही तेच. दोन उंच दीपमाळा, मागं आभाळ, कॅमेरा जमिनीला टेकवलेला. आमचे स्टुडिओवाले म्हणाले, "आमच्याकडं लग्नाच्या आधी नवरदेवाला असं उभं करायचो. पाठ ताठ, हनुवटी वर, अन् बाकी सगळे बाजूला व्हा." देवळांचे फोटो आपण स्थळ दाखवायला काढतो तसे काढतोय. आणि स्थळ दाखवताना घरातला पसारा लपवायचाच असतो.

परळीला हे जास्त जाणवतं. वैजनाथाचं देऊळ, अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेलं, बारा ज्योतिर्लिंगांत गणलं जाणारं. पायऱ्या, मंडप, दीपमाळ, सगळ्यांचे फोटो आहेत. आणि त्याच गावात औष्णिक विद्युत केंद्राच्या चिमण्या आहेत, ज्या कितीतरी लांबून दिसतात. परळीचं पोट ज्याच्यावर आहे आणि परळीच्या छातीत ज्याची राख जाते, ते हे केंद्र. २०१५ साली पाणी नाही म्हणून ते बंद ठेवावं लागलं होतं, आठवत असेल तुम्हाला. आता आम्हाला एक असा फोटो दाखवा की ज्यात शिखर आणि चिमणी दोन्ही आहेत. आम्हाला दोनच सापडले. एकात चिमणी चुकून आलेली, कडेला अर्धी कापलेली. दुसरा एका पोरानं गच्चीवरून मोबाईलवर काढलेला, पतंग उडवताना. तो दुसरा फोटो आमच्या मते परळीचा सगळ्यात चांगला फोटो आहे. त्यात शिखर आहे, धूर आहे, पतंग आहे, वाळत घातलेली कुरडई आहे. (बँकवाल्यांचं म्हणणं, कुरडई नव्हे, पापड आहेत. हा वाद अजून मिटलेला नाही.)

आता दोन वस्तू अशा सांगतो की ज्यांचा फोटो निघतच नाही, आणि तरी लोक काढतात. पहिली खजाना विहीर. बीडपासून पाच-सहा किलोमीटरवर, सोळाव्या शतकातली, निजामशाहीच्या काळातली. वरून फोटो काढला की काय दिसतं? एक गोल खड्डा, दगडी बांधणी, तळाशी पाणी. बघणारा म्हणतो, हां, विहीर आहे. पण त्या विहिरीची खरी करामत जमिनीखाली आहे. पाणी आत आणणारे आणि पुढं शेतांकडं नेणारे मार्ग बांधून काढलेत, आणि मोटेशिवाय, पंपाशिवाय, नुसत्या उतारावर पाणी वाहत जाई. पाणी उपसायची सोय म्हणून ही विहीर बांधलेलीच नाही, पाणी वाटायची जागा आहे ती. खड्डा म्हणून बघितली तर ती दिसलीच नाही असं समजा. तिचा फोटो काढायचा तर कॅमेरा विहिरीकडं पाठ करून शेताकडं न्यावा लागेल. जिथं पाणी पोचलं ते रान, तिथलं पीक, पाळीवरून होणारी भांडणं. असा फोटो कुणी काढल्याचं आम्हाला दिसलं नाही.

दुसरी वस्तू अंबाजोगाईची, दासोपंतांची पासोडी. दासोपंत १५५१ ते १६१५ या काळातले. त्यांनी कापडावर पंचीकरण लिहून ठेवलं. लांबी सुमारे चाळीस फूट, रुंदी चार फूट. हिचा फोटो काढायचा म्हणजे काय करायचं? सगळी दाखवली तर एक मळकी पट्टी दिसते, अक्षर एकही वाचता येत नाही. अक्षर वाचता येईल इतकं जवळ गेलं तर ती पासोडी आहे हेच कळत नाही. आम्ही तिघं यावर एक अख्खी दुपार बोलत बसलो होतो. शेवटी स्टुडिओवाले म्हणाले ते आम्हाला पटलं : तिच्याशेजारी एक माणूस उभा करा. वाकून वाचणारा. एवढं केलं की मापही कळतं आणि ती वाचायची वस्तू आहे हेही कळतं. स्टुडिओत नवरा-नवरीच्या मधे किती अंतर ठेवायचं हे ठरवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना ही गोष्ट अर्ध्या मिनिटात सुचली.

त्याच अंबाजोगाईत हत्तीखाना लेणी आहेत. तिथं पाठीमागं भिंतीवर कोरलेल्या नावांसकट फोटो काढणारे फार थोडे. बहुतेक जण ती नावं कॉम्प्युटरवर पुसून घेतात. पुसू नका, एवढंच म्हणणं.

आता उत्सवांकडं येऊ. इथं मात्र वेळ लागणार आहे.

केज तालुक्यातलं विडा गाव. धुळवडीला तिथं जावयाला गाढवावर बसवून, गळ्यात चपलांचा हार घालून गावभर मिरवतात. नव्वद वर्षांच्या आसपासची प्रथा. दरवर्षी दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, टीव्हीवर अर्धा मिनिट, आणि आता रीळं. राज्यात बीडच्या ज्या एका सणाचा फोटो हमखास छापला जातो, तो हा. फोटो कसा असतो? मधे गाढव, वर रंगानं माखलेला जावई, चपला, भोवती दात काढणारी पोरं. बस्स. पुण्या-मुंबईतला वाचक बघतो, हसतो, पान उलटतो. त्याला वाटतं, काय ही माणसं, अन् काय यांची करमणूक!

आमचं म्हणणं असं की हा फोटो अर्धाच आहे. जावई आठवडाभर आधीपासून तोंड चुकवत फिरतो, गावातली पोरं त्याच्यावर पाळत ठेवतात, शोधायला दुसऱ्या गावाला गाड्या जातात, ही सगळी गंमत फोटोच्या आधीची. आणि मिरवणूक संपली की गाव वर्गणीतून त्याला आहेर करतं, नवे कपडे, सोन्याची अंगठी. हे फोटोच्या नंतरचं. गाढवाचा फोटो काढून कॅमेरावाले निघून जातात, कारण त्यांना बातमी पाठवायची घाई असते. अंगठी घालतानाचा फोटो आमच्या बघण्यात एकच आला, तोही गावातल्याच एकानं काढलेला, हललेला. अपमान छापून येतो, मान छापून येत नाही. आणि आणखी एक माणूस कुठल्याच फोटोत नसतं. ज्या लेकीमुळं तो या गावचा जावई झाला, ती. ती त्या वेळी कुठं असते? दारात? गच्चीवर? हसत असते का तिला राग येतो? आम्ही विडा गावच्या एका आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "तिला कोण इचारतंय बाबा, ती चुलीपाशी. जावई आंघोळ करून जेवायला येणार ना." या एका वाक्यात जेवढं विडा आहे तेवढं आमच्या खोक्यातल्या चाळीस फोटोंत नाही.

म्हणजे प्रथा चांगलीच आहे, असं आम्ही म्हणतोय का? नाही. आमच्यातल्याच एकांना ती आवडत नाही, गाढवाचे हाल होतात असं त्यांचं म्हणणं. पण न आवडण्यासाठीसुद्धा आधी ती पुरी दिसायला हवी.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. मथळ्यातल्या दोन शब्दांवर.

मार्गशीर्षातली अमावस्या, वेळा अमावस्या, येळवस. लातूर-धाराशिवकडं हा मोठा सण, आणि आपल्या अंबाजोगाई, परळी, केजच्या शिवारातही. शेतात कडब्याची कोप उभी करतात. आत पांडव मांडतात, पाच दगड चुना लावून. भज्जी, आंबील, उंडे, खीर. घरचे, शेजारचे, तालुक्याच्या गावाहून आलेले साहेबलोक, सगळे शेतात जेवायला. या सणाचे फोटो अलीकडं फार सुंदर निघतात. ज्वारी हिरवीगार उभी असते, ऊन कोवळं असतं, डोक्यावर आंबिलीचं बिंदगं घेतलेल्या बायका. कोपीचा फोटो तर ठरलेलाच. खाली ओळ : 'मातीशी नातं', 'आपली संस्कृती'. लाईक किती पडतात ते विचारू नका.

बरोबर त्याच दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत, बीड जिल्ह्यातली लाखो माणसं कुठं असतात? दसरा-दिवाळी आटोपून ऊसतोडीला गेलेली असतात. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूर, बेळगाव. टायर गाडीवर, डोकी सेंटरवर, ट्रॅक्टरवर. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला. आणि राहतात कशात? कोपीत. बांबूच्या तट्ट्या, पाचट, वर प्लॅस्टिकचा कागद. नाव तेच. आकारही जवळजवळ तोच.

या दुसऱ्या कोपीचेही फोटो निघतात. परदेशातून माणसं येतात काढायला. विशेषतः २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशयं काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी जगभर गेली, विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, त्यानंतर. ती बातमी यायलाच हवी होती. त्या फोटोंनी सरकारला हलवलं असेल तर त्या फोटोंचे उपकारच आहेत. पण आम्ही ते फोटो ओळीनं लावले तेव्हा दिसलं की सगळे एका रंगाचे आहेत. राखाडी. पहाटेचा धूर, काळवंडलेले हात, कोपीच्या दारात पाठमोरी बसलेली बाई. कुणी हसत नाही. कुणी जेवत नाही. सण तर कुणाला नाहीच.

म्हणजे बघा. एक कोप एक दिवसाची, तिचा फोटो सणाचा. दुसरी कोपी सहा महिन्यांची, तिचा फोटो दुःखाचा. एकाच जिल्ह्याची माणसं, कधीकधी एकाच घराची. थोरला भाऊ पंधरा एकराचा मालक होऊन गावात येळवस करतो, धाकटा कोयता घेऊन कारखान्यावर. एका अल्बममध्ये हे दोन फोटो शेजारी चिकटवलेले आम्हाला कुठं दिसले नाहीत. सरकारी स्मरणिकेत पहिला असतो, अहवालात दुसरा असतो. कॅलेंडरात पहिला, प्रदर्शनात दुसरा. आणि आम्ही म्हणतो, बीडचा समाजजीवनाचा फोटो म्हणजे हे दोन शेजारीशेजारी.

आता आमच्याविषयीची तक्रार. सांगायला बरं वाटत नाही, पण या विषयावर बोलायचं तर सांगायला हवं.

काही वर्षांपूर्वी संक्रांतीला आम्ही एका कारखान्याच्या तळावर गेलो होतो. कारखान्याचं नाव नको, त्याचा दोष नाही. आपल्याच जिल्ह्यातली वीस-पंचवीस कुटुंबं. बायकांनी पहाटे दोनला उठून अर्धी गाडी भरून दिली होती आणि नऊ-दहा वाजता येऊन, अंघोळी करून नव्या साड्या नेसल्या होत्या. सुगडं मांडली होती. हरभरा, बोरं, उसाचे करवे. उसाचे करवे तर काय, भोवती सगळा ऊसच. हळदीकुंकू चाललं होतं, एकमेकींना वाण देत होत्या, प्लॅस्टिकच्या चहागाळण्या आणल्या होत्या कुणीतरी बाजारातून. हसणं चाललं होतं. आणि आम्ही काय केलं? आमच्यातल्या एकानं एका ताईंना म्हटलं, "ताई, जरा कोयता हातात घेता का? आणि त्या कोपीच्या दारात उभ्या राहा. हसू नका." त्यांनी ऐकलं. नवी साडी होती म्हणून जरा बाजूला धरून कोयता घेतला. फोटो झाला. चांगला झाला असं तेव्हा वाटलं.

त्यांनी जाताना विचारलं, "फोटो मिळंल का?" नंबर घेतला, पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लेकीचा निरोप आला, शाळेतली पोर. लिहिलं होतं, "काका, यात संक्रांत कुठे आहे?"

आम्ही उत्तर दिलं नाही. काय देणार?

अमेरिकेत १९३६ साली डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियात वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या फोटोंपैकी एक. कडेवर तान्हं, दोन पोरं खांद्यावर तोंड लपवून. सरकारी कामासाठी काढलेला फोटो होता, त्यातून त्या तळावर मदत पोचलीही. पण त्या बाईंचं नाव जगाला कळायला १९७८ उजाडलं. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन. आणि त्या तेव्हा म्हणाल्या की हा फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं, मला यातून कधी काही मिळालं नाही. बेचाळीस वर्षं त्या फोटोत त्या 'स्थलांतरित आई' होत्या. आपल्या ताई 'ऊसतोड महिला' आहेत. फोटोखाली तेवढंच लिहिलं जातं.

उलटं उदाहरणही आहे आणि ते आपल्याच जिल्ह्यातलं आहे. पी. साईनाथ यांनी २०१४ च्या अखेरीस सुरू केलेलं 'पारी' हे संकेतस्थळ. तिथं जात्यावरच्या ओव्यांचा मोठा संग्रह आहे आणि त्यात आपल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी गायलेल्या, बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. फोटोखाली नाव आहे, गाव आहे, गायलेलं काय आहे ते आहे. फोटोतली बाई गात असते किंवा गाऊन झालेलं असतं. तुम्ही तिला कष्टकरी म्हणून बघायला सुरुवात करता आणि दोन मिनिटांत ती तुम्हाला गाणारी म्हणून कळते. फोटो काही फार कलात्मक नाहीत. आमच्या स्टुडिओवाल्यांनी उजेडाबद्दल नाक मुरडलं. पण नाव लिहिलेलं आहे. नाव लिहायला कलेचा कॅमेरा लागत नाही.

मघाशी कॅलेंडरांचा विषय निघाला होता. ती चाळताना आणखी एक हिशेब केला. बारा पानं असतात. देवळं सात-आठ, एक धबधबा, सौताड्याचा किंवा कपिलधारचा, एक धारूरचा किल्ला, एक मोर, नायगावचा. चौदा एप्रिलची मिरवणूक नाही. ईदगाहची नमाज नाही. शहेनशाह वलींच्या दर्ग्याचा उरूस नाही. बीड शहरात राहणाऱ्या माणसाला हे काही परके दिवस नाहीत, त्याचे रस्तेच त्या दिवशी बंद असतात! कपिलधारला कार्तिकी पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या समाधीला पायी दिंड्या येतात, त्याही नाहीत, नुसता धबधबा. कॅलेंडर छापणाऱ्यांचा काही कट असेल असं आम्हाला वाटत नाही. सवय आहे.

आणि गेल्या वर्ष-दीड वर्षात बीडचं नाव बाहेर कशानं गेलं ते तुम्हाला माहीत आहे. मोबाईलवर काय काय फोटो फिरले तेही माहीत आहे. त्यांबद्दल आम्ही इथं बोलत नाही. ज्यांच्या घरचा माणूस गेला त्यांनी ते फोटो बघितलेत, तेवढं पुरे आहे. एवढंच सांगतो की त्यानंतर सुंदर बीडचे फोटो टाकणाऱ्यांचा जोर दुप्पट झाला. कंकालेश्वराचं प्रतिबिंब आणखी निळं झालं. समजू शकतो आम्ही. बाहेरगावी शिकायला गेलेल्या पोराला खोली मिळताना 'बीडचा का?' असं विचारतात, तेव्हा त्याला दाखवायला काहीतरी लागतं. पण निळं पाणी दाखवून तो प्रश्न मिटत नाही.

यापेक्षा १७ सप्टेंबर २०२५ चे फोटो बघा. मुक्तिसंग्राम दिन, आणि त्याच दिवशी बीडला पहिली प्रवासी रेल्वे धावली. तीन दशकांची मागणी. त्या दिवशी कोणी छायाचित्रकार लागला नाही. हजारो लोकांनी हजारो फोटो काढले. डोकी आडवी आलेली, अर्धं इंजिन, धोतरातल्या आजोबांनी डब्याला हात लावलेला, नातवाचं बोट लेन्सवर. आम्ही त्यांतले दीडेकशे जमवलेत. एकातही नीट चौकट नाही. पण प्रत्येकात कुणीतरी कुणालातरी ओळखतं. समाजाचा उत्सव म्हणतात तो याला. आणि त्यातल्या एका आजोबांनी विचारलेला प्रश्नही आमच्याकडं नोंदवलेला आहे : "ह्याच्यातून कोयत्याला जायला तिकीट पडंल का मुकादम भरंल?"

शेवटी एक कामाची गोष्ट. आमच्या स्टुडिओवाल्यांकडं निगेटिव्हांचे अकरा खोके आहेत. १९९० च्या आसपासपासूनचे. त्यांत जत्रेतल्या रंगवलेल्या पडद्यापुढं काढलेले फोटो आहेत, पुठ्ठ्याच्या मोटारसायकलवर बसलेले. ऊसतोडीला जायच्या आदल्या दिवशी, बाजाराला आलं की काढून ठेवलेले जोडीचे फोटो आहेत, म्हाताऱ्या आईला घरी ठेवायला. हे फोटो कुणी संस्कृती म्हणून काढले नव्हते. तसे खोके गावोगाव आहेत, स्टुडिओ बंद पडले आणि खोके माळ्यावर गेले, काही रद्दीत गेले. तुमच्या ओळखीत असा कोणी असेल तर त्याला खोका फेकू नको म्हणून सांगा. आणि ज्यांच्या घरात कारखान्यावरच्या सणाचा फोटो असेल, संक्रांत, शिमगा, बारसं, काहीही, त्यांनी कार्यक्रम झाल्यावर बाहेरच्या टेबलापाशी थांबा. आम्ही तिथंच मोबाईलवर त्याचा फोटो काढून घेतो, मूळ फोटो तुमचा तुमच्याकडं. नाव आणि गाव मात्र लिहून घेणार.

त्या संक्रांतीच्या ताईंचा नंबर आता लागत नाही. त्यांचं गाव आम्हाला माहीत आहे. पाडव्यानंतर त्या परत आल्या की आम्ही तिघं जाणार आहोत, कोयता न दिलेला एक फोटो काढायला, त्या काढू देतील तर.

प्रश्न असतील तर घ्या.